इंग्रजी शब्दांतील सूक्ष्म अर्थभेद : अभ्यासिकेतील काही उदाहरणे

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. इतिहास हा माझा विषय. परंतु गेली अनेक वर्षे सायंकाळच्या अभ्यासिकेत नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी पाहण्याचे कामही माझ्याकडे आहे. निवासी शाळेत एका शिक्षकाला दोन-तीन विषय सांभाळावे लागतात, यात नवल नाही. पण या दुहेरी कामाचा एक लाभ झाला. आपला इतिहास समजण्यासाठी इंग्रजी शब्दांचे बारकावे किती आवश्यक आहेत, आणि इंग्रजीचे बारकावे शिकविण्यासाठी आपल्या इतिहासाइतकी चांगली उदाहरणे दुसरीकडे कशी सापडत नाहीत, हे मला वर्गातच उमगत गेले. म्हणून दोन्ही विषयांचा एकत्र विचार करणारा हा लेख लिहीत आहे. स्मरणिका पालकांच्याही हाती जाणार असल्याने इंग्रजी शब्द देवनागरीतच दिले आहेत.

निमित्त एका चुकीचे आहे. महापरिनिर्वाण दिनी आपल्या सभागृहात बाबासाहेबांच्या ग्रंथांचे प्रदर्शन भरते. ग्रंथनामांचे फलक विद्यार्थीच रंगवितात. एका वर्षी नववीतील एका विद्यार्थ्याने 1945 साली प्रकाशित झालेल्या ग्रंथाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले : 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन फॉर द अन्टचेबल्स'. मूळ नावात 'फॉर' नाही, 'टू' आहे. मी चूक दाखविली तेव्हा तो म्हणाला, "सर, साठी म्हणजे फॉर ना? अस्पृश्यांसाठी काय केले, असाच प्रश्न आहे ना?" त्याचे व्याकरण चुकलेले नव्हते. 'फॉर' घातले तरी वाक्य शुद्धच राहते. फक्त ग्रंथ दुसराच होतो.

'डू समथिंग फॉर समवन' म्हणजे एखाद्याच्या हितासाठी काही करणे. 'डू समथिंग टू समवन' म्हणजे एखाद्याच्या बाबतीत असे काही करणे की ज्याचा परिणाम त्याला भोगावा लागतो, आणि तो परिणाम बहुधा वाईट असतो. मराठीत हा भेद आपण रोज करतो. "आईने माझ्यासाठी काय केले" हे कृतज्ञतेने म्हटले जाते. "त्यांनी माझे काय करून ठेवले" हे तक्रारीच्या सुरात येते. 'साठी' आणि 'चे' यांत जे अंतर आहे, तेच 'फॉर' आणि 'टू' यांत आहे. 'फॉर' लिहिले असते तर ग्रंथाचे शीर्षक उपकारांची यादी मागणारे झाले असते. 'टू' लिहिल्यामुळे ते जाब विचारणारे झाले. दोन अक्षरांचे शब्दयोगी अव्यय, पण संपूर्ण आरोपपत्र त्याच्यावर उभे आहे. त्या विद्यार्थ्याला मी फलक पुन्हा रंगवायला लावला नाही. 'फॉर'वर एक रेघ मारून वर 'टू' लिहायला सांगितले आणि तो फलक तसाच प्रदर्शनात ठेवला. त्या वर्षी सर्वाधिक चर्चा त्याच फलकासमोर झाली.

असेच दुसरे उदाहरण 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या 1936 च्या भाषणग्रंथात आहे. हे भाषण लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी तयार केले होते. मंडळाने अधिवेशनच रद्द केले, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्या काळी जातिव्यवस्थेचे समर्थक म्हणत की जात म्हणजे श्रमविभागणीच होय. इंग्रजीत 'डिव्हिजन ऑफ लेबर'. बाबासाहेबांनी 'लेबर'ला शेवटी तीन इंग्रजी अक्षरे जोडून 'लेबरर्स' केले. श्रमांची विभागणी सगळ्याच सुधारलेल्या समाजांत असते. येथे श्रमिकांचीच विभागणी झालेली आहे, असे त्यांनी दाखवून दिले. 'लेबर' म्हणजे श्रम, 'लेबरर' म्हणजे श्रम करणारा माणूस. शब्दाच्या शेवटी 'र' लागला की काम मागे राहून माणूस पुढे येतो. 'टीच' आणि 'टीचर', 'फार्म' आणि 'फार्मर' हे मुलांना पाचवीतच शिकविलेले असते. तो प्रत्यय एवढे मोठे काम करू शकतो, हे मात्र तेथे कोणी सांगत नाही.

याच ग्रंथाच्या नावाबद्दल एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी लागते. मराठीत आपण सर्रास 'जातिनिर्मूलन' म्हणतो. 'निर्मूलन' म्हणजे मुळासकट उपटणे. इंग्रजीत याला नेमका शब्द 'इरॅडिकेट' हा आहे, कारण लॅटिनमध्ये 'रॅडिक्स' म्हणजे मूळ. 'मुळा' या भाजीचे इंग्रजी नाव 'रॅडिश' हेही त्याच शब्दापासून झाले, असे सांगितले की मुले तो शब्द विसरत नाहीत. 'अ‍ॅनिहिलेट'मध्ये मात्र मूळ नाही. त्यात 'निहिल' आहे, म्हणजे काहीच नाही, शून्य. उपटलेले झाड शेजारी पडून राहते. 'अ‍ॅनिहिलेट' केलेल्या वस्तूचे काही शिल्लकच राहत नाही. 'रिफॉर्म' म्हणजे रूप बदलणे, वस्तू तीच. त्या काळातील सुधारक 'रिफॉर्म' म्हणत होते. बाबासाहेबांनी निवडलेला शब्द किती टोकाचा होता, हे 'निर्मूलन' या सौम्य आणि परिचित शब्दामुळे मराठी वाचकाला पुरेसे जाणवत नाही, असे माझे मत आहे. अर्थात 'निर्मूलन' आता रूढ झाला आहे आणि तो बदलावा असे माझे म्हणणे नाही.

आता आपल्याला जी नावे दिली गेली त्यांच्याकडे वळू. 'डिप्रेस्ड', 'सप्रेस्ड', 'ऑप्रेस्ड' हे तिन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. 'प्रेस' म्हणजे दाबणे. इस्त्रीला आपण 'प्रेस' म्हणतो, छापखान्यालाही 'प्रेस' म्हणतो. दोन्ही ठिकाणी दाब आहे. 'डि' म्हणजे खाली, 'सब' म्हणजे तळाशी, 'ऑब' म्हणजे विरुद्ध. 'डिप्रेस' म्हणजे खाली दाबणे, पातळी उतरविणे. पावसाळ्यात आकाशवाणीवर कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी येते, तेथे इंग्रजीत 'डिप्रेशन'च असते. मनाच्या खिन्नतेलाही हाच शब्द आहे. 'सप्रेस' म्हणजे वर येऊ पाहणारे दडपणे. बंड, बातमी, खोकला, हसू या गोष्टी 'सप्रेस' केल्या जातात. 'ऑप्रेस' मात्र माणसांच्याच बाबतीत वापरतात. सत्ता हातात असलेल्याने दुर्बलांवर दीर्घकाळ अन्याय करणे, हा त्याचा अर्थ. खोकला 'ऑप्रेस' होत नाही आणि हवामान 'सप्रेस' होत नाही.

सरकारी इंग्रजीत आपल्या समाजाला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. गांधीजींच्या लेखनात 'सप्रेस्ड क्लासेस' असाही प्रयोग आढळतो. या शब्दांच्या व्याकरणात एक लपलेली गोष्ट आहे. ही तिन्ही धातुसाधित विशेषणे आहेत आणि सकर्मक धातूंची आहेत. म्हणजे कोणीतरी दाबल्याखेरीज कोणी 'डिप्रेस्ड' होऊ शकत नाही. कर्त्याचे नाव वाक्यात नसते, पण कर्ता असतोच. आपला 'दलित' हा शब्दही तसाच आहे. 'दल्' म्हणजे दळणे, चिरडणे. दळणारा कोणी असल्याशिवाय 'दलित' होत नाही. याच्या शेजारी 'पतित' हा शब्द ठेवून पाहावा. त्यातही शेवटी 'त' आहे, पण 'पत्' हा अकर्मक धातू आहे. जो पडला तो आपला आपण पडला, इंग्रजीत 'फॉलन'. 'पतितांचा उद्धार' म्हणणारा आणि 'दलितांचा हक्क' म्हणणारा हे दोघे एकाच समाजाविषयी बोलत असले, तरी दोष कोणाचा याविषयी त्यांचे उत्तर वेगळे असते. दहावीच्या वर्गात हे सांगितले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "मग सर, कर्ता लिहीत का नाहीत?" कर्मणी प्रयोगाचा पाठ त्या दिवशी मला वेगळा शिकवावाच लागला नाही.

तथापि बाबासाहेबांना 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव पसंत नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर 1931 मध्ये, त्यांनी आणि मद्रासचे रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी जे पुरवणी निवेदन दिले, त्यात नाव बदलण्याची मागणी होती. हे नाव मानहानीकारक आणि तुच्छतादर्शक आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याऐवजी 'नॉन-कास्ट हिंदूज', 'प्रोटेस्टंट हिंदूज', 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदूज' अशी नावे त्यांनी सुचविली. तिन्हींत दाबलेपण नाही. व्यवस्था न मानणारे लोक, असा भाव आहे. 'प्रोटेस्ट' म्हणजे निषेध, 'कन्फॉर्म' म्हणजे रूढीप्रमाणे वागणे. नाव ठेवण्यात सुद्धा माणूस कर्म राहणार की कर्ता होणार, याचा विचार आहे. पुढे 1935 च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द आला. त्यात स्तुती नाही आणि निंदाही नाही. 'शेड्यूल' म्हणजे केवळ कायद्याला जोडलेली यादी. मला स्वतःला या शब्दाचा कोरडेपणा आवडतो. वर्तमानपत्रांत मात्र 'मागास' हा शब्द सैलपणे वापरला जातो, तो खटकतो. 'बॅकवर्ड' हे विशेषण संविधानाच्या कलम 16 मध्ये फार मोजून घातलेले आहे. 30 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यावर बरीच टीका झाली, शब्द मोघम आहे असे आक्षेप आले. तेव्हा बाबासाहेबांनी उत्तर दिले की समान संधीचा नियम आणि त्याला असलेला अपवाद यांचा तोल राखण्यासाठी असा मर्यादा घालणारा शब्द आवश्यकच आहे. तेथे 'बॅकवर्ड' ही शिवी नाही, कायद्याची मोजपट्टी आहे.

संविधानाचा विषय निघालाच आहे, तर कलम 17 पाहू. संविधान सभेने ते 29 नोव्हेंबर 1948 रोजी स्वीकारले. त्यात अस्पृश्यतेसंबंधी दोन क्रियापदे आहेत : 'अ‍ॅबॉलिश' आणि 'फॉरबिड'. मराठी संविधानात त्यांसाठी 'नष्ट' आणि 'निषिद्ध' हे शब्द येतात. विद्यार्थी विचारतात, एकाच गोष्टीसाठी दोन शब्द कशाला? कारण गोष्ट एक नाही. 'अ‍ॅबॉलिश' होते ती प्रथा, संस्था, पद, कर किंवा कायदा. माणसाला, डासाला किंवा गवताला 'अ‍ॅबॉलिश' करता येत नाही. 'फॉरबिड' होते ते कृत्य. अस्पृश्यता ही संस्था म्हणून रद्द झाली, हे पहिल्या शब्दाने सांगितले. पण संस्था कागदावर रद्द झाली तरी गावच्या पाणवठ्यावर, सलूनमध्ये, हॉटेलातील वेगळ्या कपात ती चालू राहू शकते. ते आचरण दुसऱ्या शब्दाने निषिद्ध केले. एकच शब्द ठेवला असता तर एक दार उघडे राहिले असते. छापील संविधानात 'अन्टचेबिलिटी' हा शब्द अवतरणचिन्हांत आहे आणि त्याची व्याख्या कोठेही दिलेली नाही, हेही विद्यार्थ्यांनी पुस्तक उघडून पाहावे.

'फॉरबिड'च्या कुटुंबात आणखी काही शब्द आहेत आणि परीक्षेत मुले नेमकी तेथेच घसरतात. 'फॉरबिड' म्हणजे करू नको असे सांगणे. घरात वडीलही 'फॉरबिड' करू शकतात. 'प्रोहिबिट' म्हणजे नियमाने किंवा अधिकाराने मनाई करणे. 'प्रिव्हेंट' म्हणजे गोष्ट घडूच न देणे. मनाई केली म्हणजे रोखले असे होत नाही, हे आपल्या लोणावळ्यात राहणाऱ्या मुलांना शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात भुशी धरणाकडे धोक्याच्या जागी पाण्यात उतरू नये म्हणून मनाई असते. ते 'प्रोहिबिशन' होय. तरी पर्यटक उतरतात. पोलीस दोरी लावून उभे राहिले आणि कोणाला पुढे जाऊ दिले नाही, तर ते 'प्रिव्हेन्शन'. वाक्यरचनेतही फरक आहे : 'फॉरबिड'नंतर 'टू' लावून मूळ क्रियापद येते, तर 'प्रोहिबिट' आणि 'प्रिव्हेंट' यांच्यानंतर 'फ्रॉम' आणि 'इंग'चे रूप. 'प्रिव्हेंट टू गो' असे लिहिलेले मी दरवर्षी निदान पंधरा-वीस उत्तरपत्रिकांत तांबड्या शाईने खोडतो.

हे शब्द लक्षात ठेवण्याची एक युक्ती मी वापरतो. आपल्या देशातील कायद्यांची नावे फळ्यावर लिहितो. 1976 चा वेठबिगारीचा कायदा : त्यात 'अ‍ॅबॉलिशन' आहे, कारण ती एक पद्धतच होती. 1989 चा अत्याचारविरोधी कायदा : त्यात 'प्रिव्हेन्शन' आहे. अत्याचार हे आधीपासूनच गुन्हे होते, त्यांना नुसती मनाई करण्यात अर्थ नव्हता. ते घडू नयेत अशी व्यवस्था हवी होती. हाताने मैला साफ करण्याच्या कामाविरुद्धच्या 1993 आणि 2013 च्या दोन्ही कायद्यांत 'प्रोहिबिशन' आहे. आणि 1986 चा बालमजुरीचा कायदा : त्यात 'प्रोहिबिशन अँड रेग्युलेशन' असे दोन शब्द आहेत. 'रेग्युलेशन' म्हणजे नियमन. ज्या गोष्टीचे नियमन करावयाचे ती कोठेतरी चालू राहणारच, हे त्या शब्दातच मान्य केलेले असते. त्या कायद्याने काही धंद्यांत मुलांना कामाला लावण्यास बंदी घातली आणि इतर ठिकाणी कामाचे तास वगैरे ठरवून दिले. 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई झाली, तरी शाळेनंतर कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची सूट राहिलीच. 'अ‍ॅबॉलिशन' का लिहिले नाही, हा प्रश्न मी मुलांवर सोपवतो. आपल्या वसतिगृहातील काही मुले शाळेत येण्यापूर्वी वीटभट्टीवर आणि हॉटेलांत काम करीत होती. त्यांची उत्तरे माझ्यापेक्षा नेमकी असतात.

अस्पृश्यतेविरुद्धच्या 1955 च्या कायद्याचे नाव तर पुढे बदललेच. आरंभी त्यात 'ऑफेन्सेस', म्हणजे अपराध, हा शब्द होता. 1976 मध्ये ते 'प्रोटेक्शन ऑफ सिव्हिल राइट्स' असे झाले. पहिले नाव गुन्हेगाराकडे पाहते, दुसरे ज्याचा हक्क आहे त्याच्याकडे.

एका विशेषणावर अख्खा खटला कसा फिरतो, याचे उदाहरण महाडचे आहे. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असा त्यांचा दावा होता. दहा वर्षांनी, 17 मार्च 1937 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. वहिवाटीला कायद्याचे बळ यायचे तर ती 'इमेमोरियल' असावी लागते, आणि ती तशी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. 'ओल्ड' म्हणजे जुनी, 'एन्शियंट' म्हणजे प्राचीन, 'ट्रॅडिशनल' म्हणजे परंपरागत. 'इमेमोरियल' म्हणजे जिचा आरंभ माणसाच्या स्मरणापलीकडे आहे अशी. इंग्लंडच्या कायद्याने तर या 'स्मरणा'ची हद्द 1189 हे सालच ठरवून टाकले आहे. वहिवाट जुनी होती, हे कोणी नाकारीत नव्हते. पण जुनी असणे आणि अनादी असणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातून चवदार तळ्याची कायदेशीर वाट निघाली. 'हिस्टॉरिकल' आणि 'हिस्टॉरिक' यांतील फरकही मी येथेच सांगतो : इतिहासकाळातील कोणतीही गोष्ट 'हिस्टॉरिकल', इतिहास घडविणारी 'हिस्टॉरिक'. महाडचे तळे हे 1927 पूर्वी केवळ 'हिस्टॉरिकल' होते.

आपल्या मावळात शब्दांचा अभ्यास करण्यासाठी महाडपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. दरवर्षी आपली शैक्षणिक सहल कार्ले, भाजे किंवा बेडसे येथे जाते. लेण्यांना इंग्रजीत 'केव्ह' म्हणतात. 'केव्ह' म्हणजे निसर्गाने झालेली गुहा. वाघ-वटवाघळे राहतात ती. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या 1880 च्या प्रसिद्ध ग्रंथात 'केव्ह टेम्पल्स' असा शब्द आहे. त्यांनी लेण्यांचा मोठा अभ्यास केला, त्याबद्दल आदरच आहे. पण 'केव्ह'ही चूक आणि 'टेम्पल'ही अपुरा. विहारात भिक्खू राहत, अभ्यास करीत. त्याला 'मॉनेस्टरी' म्हणावे. चैत्यगृहात देवाची मूर्ती नव्हती, स्तूप होता. मराठीतील 'लेणे' हा शब्द शिलालेखांतील प्राकृत 'लेण' या शब्दाचाच वारस आहे. त्यात राहण्याची जागा हा अर्थ आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या ओवरीत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा शिलालेख आहे. त्याने या वास्तूला 'सेलघर' म्हटले आहे, म्हणजे शिलागृह, दगडातले घर. ज्यांनी ते घडविले त्यांच्या डोळ्यांपुढे गुहा नव्हती, घर होते. इंग्रजी करावयाचेच तर 'रॉक-कट' हे विशेषण लावावे, म्हणजे कोणीतरी छिन्नी चालविली एवढे तरी शब्दात राहते. येथेही धातुसाधित विशेषणच कर्त्याची आठवण ठेवते.

त्याच चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी आणि इतर लोकांनी दिलेल्या खांबांची नोंद 'दान' या शब्दाने आहे. मी मुलांना विचारतो, 'दान'चे इंग्रजी करा. बहुतेक मुले 'चॅरिटी' लिहितात. 'चॅरिटी'त देणारा वर आणि घेणारा खाली असतो, निदान आजच्या वापरात तसा भाव आहे. 'आम्स' म्हणजे भिकाऱ्याला दिलेले. 'डोनेशन' संस्थेला दिले जाते, आणि आपल्याकडे तर महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी मागितल्या जाणाऱ्या रकमेला हा शब्द चिकटल्याने तो पार बिघडला आहे. 'गिफ्ट' हा शब्द मुलांना वाढदिवसाचा वाटतो, पण शिलालेखांचे अभ्यासक तोच वापरतात. कार्ल्याच्या खांबावरील दान घेणारा संघ देणाऱ्यापेक्षा खालचा नव्हता. म्हणून 'गिफ्ट' बरोबर. 'भिक्खू'साठी 'बेगर' चालणार नाही आणि 'प्रीस्ट'ही चालणार नाही. 'मंक' रूढ आहे, तो चालवून घ्यावा.

'बेग' शब्दावरून माझा एक जुना राग सांगतो. आमच्या शालेय जीवनात अर्जाचा नमुना पाठ करून घेत : 'आय बेग टू स्टेट'. दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी, फीमाफीसाठी सगळे अर्ज याचनेनेच सुरू होत. शिष्यवृत्ती हा हक्क होता, तरी आम्ही ती इंग्रजीत भीक म्हणून मागत होतो. आता मी विद्यार्थ्यांना 'रिक्वेस्ट' लिहायला सांगतो, आणि जेथे हक्काची गोष्ट आहे तेथे 'अप्लाय' किंवा 'क्लेम'. 'आस्क', 'रिक्वेस्ट', 'क्लेम', 'डिमांड' या चार पायऱ्या आहेत. 'डिमांड'ने अर्ज फेटाळला जाण्याचा संभव असतो, हेही व्यवहार म्हणून सांगावे लागते. नम्रता आणि लाचारी यांत फरक आहे, आणि इंग्रजीत नम्रतेसाठी 'प्लीज' पुरेसे आहे.

आता एक दुःखद उदाहरण. काही वर्षांपूर्वी आपल्या एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटायला आले. द्रुतगती मार्ग झाल्यापासून मावळातील जमिनींना आलेले मोल सर्वांना माहीत आहे. त्यांच्या जमिनीचा व्यवहार एका बाहेरच्या खरेदीदाराशी झाला होता. दस्त इंग्रजीत होता. 'हे साठेखत आहे, उरलेली रक्कम मिळाल्यावर खरेदीखत करू,' असे त्यांना तोंडी सांगितले होते. त्यांनी सही केली होती. मी दस्ताचे शीर्षक वाचले. तेथे 'अ‍ॅग्रीमेंट टू सेल' असे नव्हते, 'सेल डीड' असे होते. 'अ‍ॅग्रीमेंट टू सेल' म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी जात नाही. 'सेल डीड' म्हणजे विक्री झाली. पहिल्यात 'टू' आहे, आणि हा 'टू' भविष्यकाळ दाखवितो. आतील मजकुरातही 'अ‍ॅग्रीज टू सेल' असे वर्तमान-भविष्याचे रूप नसून 'हॅज सोल्ड' असे पूर्ण झालेल्या क्रियेचे रूप होते. म्हणजे मोबदला पूर्ण पोचला असेही त्याच कागदात मान्य केलेले. त्यांचा मुलगा तेव्हा आठवीत होता आणि 'हॅज' अधिक धातूचे तिसरे रूप म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, हे त्याला पाठ होते. वडिलांनी तो कागद सहीपूर्वी त्याला दाखविला नव्हता, आणि दाखविला असता तरी त्याने तो ओळखला असता का, हे मी त्याच्या शिक्षकाच्या नात्याने खात्रीने सांगू शकत नाही. पुढे वकिलांमार्फत जे काही करता आले ते केले. सगळी रक्कम हाती आली नाही.

त्या दिवसापासून काळ शिकविताना मी 'राम हॅज ईटन अ मँगो' हे वाक्य घेत नाही. 'ही अ‍ॅग्रीज टू सेल', 'ही इज सेलिंग', 'ही हॅज सोल्ड', 'ही हॅड सोल्ड' ही चार वाक्ये फळ्यावर लिहितो आणि प्रत्येक वाक्यानंतर जमीन कोणाची, हे विचारतो. त्याला जोडूनच 'लीज' आणि 'लायसन्स' घेतो, कारण आपल्या अनेक विद्यार्थ्यांचे पालक लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत राखणदार किंवा माळी आहेत आणि बंगल्याच्या आवारातील खोलीत राहतात. 'लीज'मध्ये जागेत काही हक्क निर्माण होतो, 'लायसन्स'मध्ये केवळ वापरण्याची परवानगी असते. त्यांच्या हातातील कागदावर बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स' असते. येथे 'लीव्ह' म्हणजे सुट्टी नाही आणि सोडून जाणेही नाही. परवानगी या अर्थाचा तो जुना शब्द आहे. एका मुलीने वडिलांचा कागद पाहून 'लीव्ह' म्हणजे आता घर सोडावे लागणार असे समजून रात्रभर रडून काढली होती. तिला हा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर सांगितला.

पुढील सत्रासाठी नववी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांनी एक काम करावे. लोणावळा स्थानकापासून आपल्या शाळेपर्यंत जे जे इंग्रजी फलक दिसतील ते वहीत उतरवून घ्यावेत : 'एंट्री' लिहिलेले वेगळे, 'एन्ट्रन्स' लिहिलेले वेगळे. 'एन्ट्रन्स' म्हणजे आत जाण्याचे दार; 'एंट्री' म्हणजे आत जाणे, आणि आत जाण्याचा अधिकारही. नाशिकच्या काळाराम मंदिराचा 2 मार्च 1930 पासूनचा सत्याग्रह इंग्रजी लेखनात 'टेम्पल एंट्री' या नावाने ओळखला जातो. दार तर तेथे होतेच. 'नो एंट्री' लिहिलेल्या प्रत्येक फलकाखाली मनाई कोणाला आणि कोणी केली, हे शोधून कर्तरी प्रयोगात पूर्ण वाक्य लिहावे. ज्या फलकाचा कर्ता सापडणार नाही, त्यापुढे प्रश्नचिन्ह करून वही अभ्यासिकेत माझ्याकडे द्यावी.